गोठा, माजघर आणि श्वास

वाशीहून एका वाचक भगिनीचें पत्र आलें आहे. वाशी म्हणजे मुंबईजवळची खाडीपलीकडची नव्हे; धाराशिव जिल्ह्यांतील, बालाघाटच्या टापूंतली, खव्याच्या भट्ट्यांची वाशी. पत्र चांगलें लांबलचक आहे, आणि त्यांत आरोग्याचा प्रश्न किती व सासूसुनेचा किती हें निवडून काढणें सोपें नाहीं. सारांश असा कीं, उदगीरला कावळे मेल्याची बातमी घरीं पोचल्यापासून सासूबाईंनीं तीन हुकूम काढले आहेत. धुणेंभांडीं करणाऱ्या बाईच्या घरीं कोंबड्या आहेत, तेव्हां तिनें यापुढें पायरी चढूं नये, हा पहिला. पितृपक्षांत काकबळी गच्चीवर ठेवूं नये, गांवाबाहेर नेऊन ठेवावा, हा दुसरा. आणि नातवाची प्रकृति नाजूक, तेव्हां त्याला रोज सकाळीं गोठ्यांतलें धारोष्ण दूध, विस्तव न दाखवतां, पाजावें, हा तिसरा. ‘आमच्याकडे अंडेंसुद्धां येत नाहीं. मग हा पांखरांचा रोग आमच्यापर्यंत पोचेलच कसा? आणि पोचणारच असेल तर या तिहींपैकीं कोणता हुकूम पाळावा?’ असें त्यांनीं विचारलें आहे.

निकाल आधींच सांगून टाकतों. पहिला हुकूम अन्यायाचा आहे, दुसरा अनावश्यक आहे, आणि तिसरा, जो सर्वांत मायेनें निघाला आहे, तोच तेवढा घातक आहे. परंतु नुसत्या निकालानें सासूबाईंचें समाधान होणार नाहीं. त्यामुळें कारणांत शिरणें भाग आहे.

प्रथम उदगीरची हकीकत. २०२५ च्या जानेवारींत लातूर जिल्ह्याच्या त्या टोकाला पन्नासाच्या घरांत कावळे मरून पडले. नमुने भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेंत गेले आणि तेथें एच-५ एन-१ या जातीचा इन्फ्ल्युएंझाचा विषाणु निघाला. त्याच सुमारास नागपूरजवळील गोरेवाडा येथील बचाव केंद्रांत तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले होते. त्यांच्याही शरीरांत तोच विषाणु सांपडला. आतां कावळा आणि वाघ यांच्यामध्यें नातें कोणतें? दोघेही मांस खातात, एवढेंच. कावळा मेलेल्या पांखरावर चोंच मारतो. पिंजऱ्यांतला वाघ जें पुढ्यांत येईल तें खातो. रोगी पक्ष्याच्या मांसांतून विषाणु त्यांच्या पोटांत गेला असावा, असा तर्क आहे.

हा विषाणु मुळांत पाणपक्ष्यांचा. रानटी बदकांच्या आंतड्यांत इन्फ्ल्युएंझाच्या नाना जाती पूर्वापार सुखानें नांदत आल्या आहेत. बदकाला बहुधा त्यांचा उपद्रव होत नाहीं. विष्ठेबरोबर ते तळ्याच्या पाण्यांत उतरतात, आणि थंड पाण्यांत पुष्कळ दिवस जिवंत राहतात. दर हिवाळ्यांत उजनी आणि जायकवाडी येथें उत्तरेकडचे पाहुणे उतरतात. त्यांत हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब हंसही असतो. याच हंसाच्या जातीचे, आणि त्याबरोबर इतर, हजारों पक्षी २००५ सालीं चीनमधील चिंघाई सरोवरावर एच-५ एन-१ नें मेले, आणि पुढच्याच वर्षीं, १८ फेब्रुवारी २००६ रोजीं, नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें हिंदुस्थानांतला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. पण म्हणून सगळा ठपका परदेशी पाहुण्यांवर ठेवून मोकळें होणें हाही आळसच होय. कोंबड्यांचीं पिलें, खुराडीं, अंड्यांचीं तबकें, तीं वाहून नेणाऱ्या गाड्यांचीं चाकें आणि माणसांच्या वहाणा, यांवर बसून हा रोग जितका प्रवास करतो तितका पंखांवर बसून करीत असेल असें वाटत नाहीं. मराठवाड्यांत २०२१ च्या जानेवारींत परभणी जिल्ह्यांतल्या मुरुंबा गांवीं आठशेंच्या आसपास कोंबड्या एकाएकीं मेल्या, तेव्हांही तोच प्रकार निघाला. या साथी बहुतेक थंडीच्या महिन्यांत येतात. मराठवाड्याच्या वैशाखांतल्या उन्हापुढें या विषाणूचा टिकाव लागत नाहीं. उन्हाला आपण नांवें ठेवतों, पण त्याचा हा उपकार मान्य केला पाहिजे.

आतां मुख्य प्रश्न. पांखराचा रोग पांखरालाच कां होतो, आणि कधीं कधीं माणसाला कसा होतो?

विषाणु म्हणजे जंतूंहूनही कितीतरी सूक्ष्म वस्तु. त्याला स्वतःचें घर नाहीं, संसार नाहीं. दुसऱ्याच्या पेशींत शिरल्याशिवाय त्याची वंशवृद्धि होत नाहीं. शिरण्यासाठीं त्याच्या अंगावर एक किल्ली असते. इन्फ्ल्युएंझाच्या नांवांतला ‘एच’ तो हाच. ‘एन’ हें बाहेर पडतांना वाट मोकळी करणारें दुसरें हत्यार. प्राण्यांच्या पेशींवर साखरेच्या बारीक साखळ्या असतात आणि त्यांच्या शेवटीं सियालिक नांवाचें आम्ल जोडलेलें असतें. हेंच कुलूप. परंतु तो जोड दोन तऱ्हांनीं होतो. पक्ष्यांच्या आंतड्यांत एका तऱ्हेचा, माणसाच्या नाकांत व घशांत बहुतांशीं दुसऱ्या तऱ्हेचा. त्यामुळें पांखराची किल्ली आपल्या नाकांत सहसा फिरत नाहीं. आणखी असें कीं, कोंबडीचें अंग आपल्या ज्वराइतकें, ४१ अंशांच्या आसपास, कायमचें तापलेलें असतें, तर आपलें नाक बाहेरच्या हवेनें ३३ अंशांपर्यंत निवालेलें असतें. उबेला सोकावलेल्या विषाणूला तेथें करमत नाहीं. लाखों माणसें रोज कोंबड्या हाताळतात आणि त्यांना कांहींही होत नाहीं, याचें इंगित हें आहे.

मात्र निसर्गानें एक कसर ठेवली आहे. पक्ष्यांसारखें कुलूप आपल्याही शरीरांत आहे. तें नाकांत नसून फुप्फुसाच्या अगदीं तळाशीं आहे, आणि डोळ्यांच्या पापणीआड आहे. रोगी कोंबडी झटापटीनें धरली, तिचीं पिसें काढलीं, खुराडें झाडतांना वाळलेल्या विष्ठेची धूळ उडाली, आणि ती धूळ पुरेशी खोल गेली, तर विषाणूला दार सांपडतें. मग जो रोग होतो तो पडशासारखा वरवरचा नसतो, तो थेट न्युमोनिया असतो. १९९७ सालीं हाँगकाँगमध्यें १८ माणसांना एच-५ एन-१ झाला, त्यांतलीं ६ दगावलीं. २००३ पासून जगभर जीं नऊशेंहून अधिक माणसें या रोगानें आजारी पडल्याची नोंद आहे, त्यांतलीं जवळजवळ निम्मीं गेलीं. हिंदुस्थानांत जुलै २०२१ मध्यें हरियाणांतील एक अकरा वर्षांचा मुलगा दिल्लीस वारला. तो या रोगाचा येथला पहिला नोंदलेला मानवी बळी. एक गोष्ट मात्र सुदैवाची. विषाणु फुप्फुसाच्या तळाशीं अडकलेला असल्यामुळें खोकल्यासरशी तो सहज बाहेर पडत नाहीं, आणि म्हणून एकाकडून दुसऱ्याला, दुसऱ्याकडून तिसऱ्याला अशी सांखळी लागत नाहीं. ज्या दिवशीं त्याला नाकाची किल्ली गवसेल, तो दिवस जगाला महाग पडेल. वैद्यकशास्त्र डोळ्यांत तेल घालून पाहत आहे तें याच दिवसाकडे.

ही नवी किल्ली मिळण्याचा एक ठरलेला कारखाना आहे: डुक्कर. त्याच्या श्वासनलिकेंत दोन्ही तऱ्हेचीं कुलुपें असतात. पांखराचा आणि माणसाचा विषाणु एकाच वेळीं एकाच डुकराच्या पेशींत शिरले, तर दोघांच्या जनुकांची सरमिसळ होते. पत्त्यांचे दोन जोड एकत्र पिसावे तसें. इन्फ्ल्युएंझाचे जनुक आठ सुट्या तुकड्यांत असतात, त्यामुळें ही अदलाबदल त्याला सोपी जाते. १९५७ आणि १९६८ च्या जगद्व्यापी साथींतल्या विषाणूंनीं कांहीं तुकडे पक्ष्यांच्या विषाणूंकडून उचललेले होते. २००९ च्या विषाणूंत तर पक्षी, डुक्कर आणि माणूस या तिघांचाही वांटा होता. त्या वर्षींचें पुणें आमच्या अनेक वाचकांना आठवत असेल. ३ ऑगस्ट २००९ रोजीं तेथें चौदा वर्षांची एक विद्यार्थिनी दगावली. स्वाइन फ्लूचा तो देशांतला पहिला बळी. शाळा बंद झाल्या, तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय कोणी लक्ष्मी रस्त्यावर दिसेना. त्या साऱ्या गडबडींत ‘आम्ही डुक्कर खात नाहीं’ या समाधानाचा कोणाला कवडीचाही उपयोग झाला नाहीं. एकदां विषाणु माणसांत रुळला कीं तो डुकराला विसरतो, आणि शेजारच्या बांकावरल्या मुलाच्या शिंकेंतून येतो. तेथें सोंवळें-ओंवळें चालत नाहीं.

आमच्या आज्या ज्या साथीला ‘मानमोडी’ म्हणत, ती १९१८ ची. मुंबईच्या गोदीवरून ती जूनमध्यें शहरांत शिरली, पावसाळ्यांत दबली, आणि नवरात्राच्या सुमारास अशी उसळली कीं ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसांत मुंबईंत ७६८ माणसें मेलीं. साऱ्या हिंदुस्थानांत सव्वा ते पावणेदोन कोटींच्या दरम्यान प्राणहानि झाली असावी असा अंदाज आहे. वाशी त्या वेळीं निजामाच्या मुलखांत होती. मेलेल्यांना पोचवायला माणसें उरलीं नाहींत, अशा गोष्टी जुन्या घरांतून अजून ऐकूं येतात. त्या विषाणूचे अवशेष अलास्काच्या गोठलेल्या जमिनींत पुरलेल्या प्रेतांतून मिळवून २००५ सालीं त्याची संपूर्ण जुळणी करण्यांत आली, तेव्हां त्याची घडण पक्ष्यांच्या विषाणूंशीं फार मिळती दिसली.

आणि एवढ्या लांब तरी कशाला जावें? प्रत्येक घरांत पूर्वीं निघणारा गोवर घ्या. तोही श्वासावाटें पसरणारा रोग, आणि अतिशय लागट. तो आला कोठून? गाईबैलांच्या गोठ्यांतून! शेतकऱ्याला ‘बुळकांडी’ हें नांव उच्चारतां कांपरें भरे असा एक जनावरांचा रोग होता. गोवराचा विषाणु हा त्याचा सख्खा भाऊ. शास्त्रज्ञांच्या हिशेबाप्रमाणें दोघांचा पूर्वज एकच, आणि दोन हजार वर्षांच्याही पूर्वीं केव्हांतरी, जेव्हां माणसें गुराढोरांसह दाटीनें राहूं लागलीं आणि लाखों वस्तीचीं शहरें उभीं राहिलीं, तेव्हां हा भाऊ आपलें घर सोडून माणसांत वेगळा झाला. लहान वस्तींत त्याचा निभाव लागला नसता. एकदां सर्वांना येऊन गेला कीं पुढें लागण कोणाला करणार? बुळकांडीनें आपल्याकडे इतका कहर केला होता कीं, तिच्यासारख्या पशुरोगांचा अभ्यास करण्याकरितां १८८९ सालीं पुण्यांत सरकारी प्रयोगशाळा स्थापावी लागली. ती पुढें १८९३ सालीं कुमाऊंतील मुक्तेश्वरास हलवली. लसीच्या बळावर अखेर २०११ सालीं बुळकांडी पृथ्वीवरून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. गोठ्यांतला थोरला भाऊ नष्ट झाला. घरांत आलेला धाकटा अजून नांदतो आहे. तो केवळ लस न टोंचलेल्या मुलांच्या आधारानें. तेव्हां पत्रलेखिकेच्या नातेवाइकांत कोणी ‘गोवर काय, निघतो आणि जातो’ म्हणून लस चुकवीत असेल, तर तिकडे सासूबाईंच्या हुकुमाचा उपयोग जरूर करावा.

येथें एक खुलासा केला पाहिजे, नाहींतर आमच्यावर गोठ्याची बदनामी केल्याचा आळ यावयाचा. उस्मानाबादी शेळी ही या जिल्ह्याची कीर्ति. शेळ्यामेंढ्यांना पीपीआर नांवाचा जो रोग होतो, नाक वाहतें, तोंड येतें, हगवण लागते, त्याचा विषाणु याच बुळकांडीच्या कुळांतला. पण तो माणसाला होत नाहीं. २०२२ सालीं गाईबैलांच्या अंगावर गांठी आणणारा लम्पी महाराष्ट्रभर पसरला. तोही माणसाला होत नाहीं. त्या वर्षीं लम्पीच्या भीतीनें दूध ओतून टाकणारीं घरें होतीं. जनावरांचा प्रत्येक रोग आपला नव्हे, आणि जो आपला होऊं शकतो तो बहुधा गाजावाजा करीत येत नाहीं.

याचें उदाहरण मेळघाटांत घडलें. अमरावती जिल्ह्यांतील त्या डोंगराळ मुलखांत लहान मुलांच्या श्वसनविकारांवर पाळत ठेवण्याचें काम चालू होतें. २०१९ च्या आरंभीं तेथील सतरा महिन्यांच्या एका बाळाला ताप, खोकला आणि धांप लागली. त्याच्या नाकाघशांतला नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेंत तपासला, तों त्यांत निघाला एच-९ एन-२. कोंबड्यांत आढळणारा विषाणु, आणि हिंदुस्थानांत माणसामध्यें प्रथमच सांपडलेला. बाळ बरें झालें. पण जरा विचार करा. एच-५ एन-१ शिरला तर खुराडें एका रात्रींत ओस पडतें, वर्तमानपत्रांत येतें, सरकारी माणसें धांवतात. एच-९ एन-२ कोंबडीला बेताचेंच आजारी करतो. अंडीं थोडीं कमी होतात, आणि मालकीण म्हणते, हवा बदलली. त्याच्या येण्याची दवंडी कोणी पिटत नाहीं. त्या बाळाचा नमुना घेणारें कोणी तेथें नसतें, तर ‘सर्दी झाली होती’ यापलीकडे इतिहासांत नोंद राहिली नसती. पुण्याच्या या संस्थेचा जन्म १९५२ चा. आपल्या प्रांताच्या ज्या थोड्या गोष्टींचा निःशंक अभिमान बाळगावा, त्यांत आम्ही तिची गणना करतों.

मेळघाट दूर आहे असें वाशीकरांनीं समजूं नये. दिवाळी झाली कीं याच टापूंतून, बीड-धाराशिवकडून, ऊंसतोडीचे तांडे पश्चिमेकडच्या कारखान्यांकडे निघतात. गाडीवर संसार, गाडीखालीं पाटीखालच्या चार कोंबड्या, मागें शेळी, आणि मांडीवर तान्हें मूल. पुढचे पांच-सहा महिने पाचटाच्या कोपींत माणूस, पांखरूं आणि जनावर एकाच छताखालीं, एकाच धुरांत श्वास घेतात. तेथलें मूल खोकूं लागलें तर त्याच्या खोकल्याचें नांव विचारणारें कोण आहे? आम्हांला विचाराल तर या सगळ्या प्रश्नाचें मर्म तेथें आहे, आपल्या गच्चीवरच्या कावळ्यांत नाहीं.

आतां दूध. मार्च २०२४ मध्यें अमेरिकेंत टेक्सासच्या बाजूला दुभत्या गाई एकाएकीं आटूं लागल्या. दूध दाट, पिंवळसर, चिकासारखें येऊं लागलें. तपासांत एच-५ एन-१ निघाला आणि सारे थक्क झाले, कारण हा विषाणु गाईच्या नाकापेक्षां तिच्या कासेंतच अधिक माजला होता. पांखरांसारखें तें कुलूप कासेच्या पेशींवरही असतें, हें त्यानिमित्तानें पुष्कळांच्या ध्यानांत आलें. दूध काढणाऱ्या एका मजुराचे डोळे आले. त्याच्या डोळ्यांत तोच विषाणु होता. आणि गोठ्यावर कच्चें दूध चाटणारीं मांजरें पटापट मेलीं. त्याच महिन्यांत मिनेसोटा प्रांतांत शेळीचीं करडेंही याच रोगानें दगावलीं. रोगी कोंबड्यांच्या आणि त्यांच्या चरण्यापिण्याच्या जागा एकच होत्या.

ही परदेशची हकीकत सांगून आम्ही वाशीच्या म्हशींवर संशय घेतों असें नाहीं. पण मांजराच्या पोटांत जें विष ठरलें तें सतरा महिन्यांच्या किंवा सात वर्षांच्या मुलाच्या पोटांत अमृत ठरेल, हें कोणत्या आधारावर म्हणावें? धारोष्ण दुधाची थोरवी आपल्याकडे फार जुनी, आणि ज्या काळीं ती सांगितली गेली त्या काळीं जंतु कोणी पाहिले नव्हते. क्षय आणि दीर्घ मुदतीचा ताप आणणारा ब्रुसेला हेही कच्च्या दुधाचे जुने सोबती आहेतच. दूध ७२ अंशांवर पंधरा सेकंद धरलें तरी हे विषाणु मरतात. आपल्या चुलीवर तर तें उतूं जाईपर्यंत तापतें. वाशी-भूमच्या भट्टीवर तर कढईंतलें दूध उलथण्यानें ढवळीत, आटवीत, घट्ट गोळा होईपर्यंत जाळावर असतें. त्यांतून जिवंत निघेल असा विषाणु अजून जन्मायचा आहे. म्हणजे सासूबाईंनीं नातवाला खवा दिला तर आमची हरकत नाहीं (पोटाची हरकत असेल ती वेगळी). कच्चें दूध मात्र देऊं नये. भट्टीवर दूध घालणाऱ्या गवळ्यानें आजारी जनावराचें दूध वेगळें ठेवावें आणि त्याच्या धारा काढल्यावर हात साबणानें धुवावे. या विषाणूच्या अंगावर स्निग्ध पदार्थाचें पातळ वेष्टन असतें. साबणानें तें विरघळलें कीं त्याचा कारभार आटोपला.

एक बाजू अजून राहिली. आपण असें धरून चालतों कीं रोग जनावराकडून माणसाकडे येतो. तो उलटही जातो. २००९ चा फ्लू माणसांनीं देशोदेशींच्या डुकरांना दिला. ज्या करोनानें ९ मार्च २०२० रोजीं पुण्यांत पाऊल टाकलें, त्याचे गणगोत वटवाघळांत आढळतात. पण मे २०२१ मध्यें हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयांतल्या आठ सिंहांना तो झाला, तो माणसांच्याच सहवासानें झाला असावा. तेव्हां घरांत कोणी खोकत असेल तर त्यानें गोठ्यांत, खुराड्यांत जाऊं नये, तोंडाला फडकें बांधावें. बिचाऱ्या जनावराला हुकूम काढतां येत नाहींत.

आतां पहिल्या हुकुमाकडे वळतों, आणि येथें आम्हांला थोडें कठोर बोलावें लागेल. मोलकरणीच्या घरीं कोंबड्या आहेत म्हणून तिला बंद करणें याला शास्त्राचा आधार नाहीं. वर सांगितल्याप्रमाणें पांखरांचा हा विषाणु एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहसा जात नाहीं. धोका आहे तो तिला, तिच्या लेंकरांना. तुम्हांला तिच्याकडून नव्हे. खरें पाहतां जुन्या विटाळावर हा विज्ञानाचा नवा अंगरखा चढवला आहे. आजोबांच्या वेळीं जें ‘शिवूं नको’ होतें तेंच आतां ‘लागण होईल’ या शब्दांनीं बोललें जातें. उंबरठा तोच, अडवलेली बाईही तीच. आणि त्याचा परिणाम काय होतो तो पाहा. कोंबड्या मेल्याचें कळलें तर काम जाईल, या भीतीनें ती बाई तें लपवील. मेलेली कोंबडी गुपचूप उकिरड्यावर जाईल, तेथें कावळा येईल, कुत्रें येईल, आणि ज्या गोष्टीची बातमी दुपारपर्यंत पशुवैद्याकडे पोचावयास हवी होती ती महिनाभर दडून राहील.

हें आम्ही कल्पनेनें लिहीत नाहीं. २००६ सालीं नवापुरांत लाखों कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. उभा धंदा एका आठवड्यांत बसला. रोगाच्या जागेभोंवतालच्या ठराविक परिघांतलीं सारीं पांखरें मारण्याचा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. सरकार त्याची भरपाईही देतें. पण जिच्या पांच कोंबड्या हीच पोरांच्या वहीपेन्सिलीची पेढी, तिला भरपाईचा कागद कोणी वाचून दाखवलेला नसतो. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें तर कोंबडीनें करोना होतो अशी निखालस खोटी अफवा उठली आणि कोंबड्या मातीमोल भावानें, कोठें फुकटही, वांटल्या गेल्या. ज्या सुशिक्षित घरांतून त्या अफवा फोनवरून पुढें ढकलल्या गेल्या, त्यांतलीं बरींच आमच्या वर्गणीदारांचींही असतील, असा आम्हांला दाट संशय आहे. सर्व बाजूंनीं ७० अंशांपर्यंत शिजलेल्या अंड्यांत वा मांसांत हा विषाणु उरत नाहीं. शिजलेल्या ताटाला लोक भितात, आणि मेलेला कावळा अंगणांतून उघड्या हातानें शेपटीला धरून भिरकावतात!

तेव्हां पत्रलेखिका भगिनींनीं असें करावें. बाईंना कामावर ठेवावें, आणि वाशीच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा फोन नंबर त्यांना मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा. एकाच दिवशीं दोनतीन कोंबड्या मान टाकून, तुरा निळा पडून मेल्या, तर हात न लावतां आधीं तेथें कळवावें, पगार कापला जाणार नाहीं, असें त्यांना आपल्या तोंडानें सांगावें. सासूबाईंनीं सांगितलें तर अधिक बरें. खुराडें झाडतांना पाणी शिंपून झाडावें, नाकातोंडाला पदर घट्ट बांधावा, आणि तें काम लहान मुलीकडे देऊं नये. पांखरें मेल्यानंतर आठदहा दिवसांत घरांत कोणाला जोराचा ताप, खोकला, धांप लागली, तर डॉक्टरांना कोंबड्यांची गोष्ट आपण होऊन सांगावी. डॉक्टर ती विचारतीलच असें नाहीं.

राहिला काकबळी. तो गच्चीवर खुशाल ठेवा. कावळा भात खाऊन उडून जातो, त्यानें कोणाला कांहीं होत नाहीं. पान उचलल्यावर हात धुवावे म्हणजे झालें. कावळा शिवला नाहीं म्हणून तासभर ताटकळणाऱ्या मुलांना मात्र उन्हांत उभें करूं नये. आणि गच्चीवर किंवा परसांत एखादा कावळा पंख पसरून, मान वांकडी करून पडलेला दिसला, तर मुलांना दूर करून, पिशवी हातांत घालून, तीच उलटवून त्यांत तो घ्यावा, तोंड बांधावें आणि दवाखान्यांत कळवावें. विहिरींत, ओढ्यांत किंवा शेजारच्या वाड्यांत टाकूं नये.